तारीख लिहून घेतली होती का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. चिंचवडच्या एका ताईंनी फेब्रुवारीत इन्स्टाग्रामवरच्या, ‘देवगड, सिंधुदुर्ग’ एवढाच पत्ता देणाऱ्या एका पेजवरून सहा डझन हापूसचं ‘अर्ली बुकिंग’ केलं. ११ फेब्रुवारीला १,५०० रुपये यूपीआयने दिले आणि उरलेले ३,६०० रुपये ५ मार्चला, पेजवाल्याने पाठवलेल्या लिंकवर क्रेडिट कार्डाने भरले. माल ‘१५ ते २० एप्रिलच्या दरम्यान घरपोच’ येणार होता. आज २४ मे. आधी अवकाळी पाऊस आडवा आला, मग गाडी घाटात बंद पडली, मग ‘दादांना ॲडमिट केलंय’. गेल्या आठवड्यापासून मेसेजला दुसरी टिकही येत नाही. बँकेने सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकलात. चौकीवर सांगितलं, हा सिव्हिल मॅटर आहे. ताई विचारतात, पैसे गेले असंच समजू का? आणि पुढच्या वर्षी घ्यायचं तरी कुणाकडून?

मी ग्राहक मार्गदर्शन केंद्रात सोळा-सतरा वर्षं बसतोय. आमच्याकडे तक्रारींनाही मोसम असतो. मे-जूनमध्ये आंबा, श्रावणाच्या तोंडावर राख्या, सप्टेंबरपासून पैठणी, आकाशकंदील आणि फराळ. वस्तू बदलतात, गोष्ट तीच. म्हणून हे उत्तर जरा लांबवतो.

ताई, तुमच्या निरोपात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ‘१५ ते २० एप्रिल’ ही तारीख. ती त्याने तुम्हाला व्हॉट्सॲपवर लिहून दिली आहे, तोंडी नाही. आगाऊ बुकिंगमधली मेख हीच असते. दुकानदाराने पैसे घेऊन वस्तू दिली नाही तर आपण तिथेच भांडतो. इथे मात्र वाट बघायचं आपण आधीच कबूल केलेलं असतं. त्यामुळे फसवणाऱ्याला पहिले दोन महिने खोटं बोलावंच लागत नाही. नंतरचे दीड महिने तो पाऊस, गाडी, दवाखाना यांवर काढतो आणि तोवर आपल्या हातातले उपाय एकेक करून कालबाह्य होत जातात. ‘सीझन सुरू झाला की पाठवतो’ एवढंच तुमच्याकडे असतं तर चुकलं कधी, हे ठरवण्यावरूनच आधी वाद झाला असता. १८७२च्या करार कायद्यात मुदत ठरली नसेल तर ‘वाजवी वेळेत’ असं कलम ४६ सांगतं, आणि वाजवी म्हणजे किती, यावर दोन वकील दोन तास बोलू शकतात. २० एप्रिलवर कुणी बोलू शकत नाही.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी, म्हणजे हे वाचणं मध्येच थांबवून, त्या पेजचे, सगळ्या चॅटचे, जाहिरातीचे, पेमेंटच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट काढा. चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून स्वतःला ईमेल करा, कारण त्यात तारीख-वेळ आणि समोरचा नंबर सलग राहतो. स्क्रीनशॉट काढताना पेजचं वर दिसणारं युजरनेम कापू नका. लोक नेमका मजकूर झूम करतात आणि नाव गाळतात. तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून पेज उघडा. मूळ फोनमधलं चॅट पुसू नका आणि फोन बदलायचा विचार असेल तर थोडा थांबा, पुढे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

मग त्याला एक शेवटचा मेसेज. रागाचा नाही. साधारण असा: ‘११ फेब्रुवारी आणि ५ मार्च रोजी मी तुम्हाला एकूण ५,१०० रुपये सहा डझन हापूससाठी दिले. माल २० एप्रिलपर्यंत देण्याचं तुम्ही १० फेब्रुवारीच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं. माल मिळालेला नाही. आता मला माल नको. ही ऑर्डर मी रद्द करत आहे. ३० मेपर्यंत पूर्ण रक्कम ज्या मार्गाने घेतली त्याच मार्गाने परत करा.’ व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर आणि ईमेल असेल तर तिथेही पाठवा. पोचला नाही तरी चालेल, पाठवल्याची नोंद राहते.

यातलं ‘आता मला माल नको’ हे वाक्य गाळू नका. मुरलेले पेजवाले काय करतात ते मी पाहिलंय. बँकेकडून विचारणा आली की ते एक हलकं पार्सल तुमच्या पिनकोडवर रवाना करतात. एका बाईंना चार डझन आंब्यांऐवजी एक टॉवेल आला होता, नाक पुसायच्या मापाचा. पण कुरिअरच्या साइटवर ‘डिलिव्हर्ड’ लागलं आणि पेजवाल्याने तेच बँकेला पुरावा म्हणून दिलं. ऑर्डर रद्द केल्याचं आधीच लिहून ठेवलेलं असेल तर असलं पार्सल घ्यायलाच नकार देता येतो. घेतलंच तर कुरिअरवाल्यासमोर, लेबलावरचं वजन दिसेल असा व्हिडिओ सुरू ठेवून उघडा.

आता कार्डाचे ३,६०० रुपये. हे परत मिळायची शक्यता चांगली आहे आणि इथेच बहुतेक जण एका शब्दावर हरतात. तुम्ही बँकेला फोन करून ‘फ्रॉड झालाय’ म्हणालात, बरोबर? बँकेच्या भाषेत फ्रॉड म्हणजे तुमच्या नकळत दुसऱ्या कुणी कार्ड वापरलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं ग्राहकाच्या जबाबदारीबद्दलचं परिपत्रक अशाच, म्हणजे तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी काढलेलं होतं. समोरच्या मुलीने तपासलं, ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला होता, तुम्हीच टाकला होता. विषय संपला. तिचं उत्तर चूक नव्हतं, ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. तुम्ही म्हणायचं ते असं: व्यवहार मीच केला, पण माल मिळालेला नाही, मला चार्जबॅक हवा आहे, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे विक्रेत्याकडून परत खेचून हवेत. बँकेच्या डिस्प्यूट फॉर्मवर ‘वस्तू किंवा सेवा मिळाली नाही’ असा वेगळा पर्याय असतो, त्यावर खूण करा. सोबत तारखेचा मेसेज, पेमेंटची पावती, ऑर्डर रद्द केल्याचा मेसेज आणि घटनाक्रम अर्ध्या पानात.

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस मिळतात, आणि वस्तू नंतर यायची असेल तर ते कबूल केलेल्या तारखेपासून मोजतात. २० एप्रिलपासून मोजलं तर तुम्ही १८ ऑगस्टपर्यंत मुदतीत आहात. पण बँकेचा माणूस पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजायला लागला तर वाद नको, म्हणून उद्याच अर्ज टाका आणि तक्रार क्रमांक घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा वेडंवाकडं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. आणि एक लक्षात ठेवा, अर्ज टाकला की पेजवाल्याचा फोन येतो. अचानक तब्येत सुधारलेली असते. ‘ताई, तेवढी बँकेची तक्रार मागे घ्या, लगेच पैसे टाकतो.’ पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार मागे घ्यायची नाही. ‘पुढच्या सीझनला दोन डझन जास्त देतो’ हेही नको.

ज्या लिंकवर पैसे भरले ती कुठल्या पेमेंट गेटवेची, म्हणजे कार्डाचे पैसे विक्रेत्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीची होती, ते पावतीवर असतं. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यालाही तेच कागद पाठवा. गेटवेने त्या विक्रेत्याची केवायसी केलेली असते, म्हणजे त्याचं खरं नाव आणि पत्ता निदान एका कपाटात तरी आहे. तुम्हाला ते देणार नाहीत, पण पोलिसांना किंवा ग्राहक आयोगाला द्यावं लागेल.

यूपीआयच्या १,५०० रुपयांचं मात्र गोड बोलून सांगत नाही. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर पैसे घेणाऱ्याचं नाव आहे ते पेजचं नाही, एका व्यक्तीचं आहे, आणि आडनाव कोकणातलंही नाही. तो व्यवहार मित्राला उसने पैसे पाठवावे तसा नोंदला गेलाय. दुकानाच्या खात्यावर दिलेल्या पैशांबद्दल यूपीआयमध्येही तक्रारीची वाट असते, पण व्यक्तीच्या खात्यात स्वतः पिन टाकून ढकललेले पैसे बँक परस्पर ओढून आणू शकत नाही. ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवाच, पण त्यावर अवलंबून राहू नका. इथला मार्ग १९३०.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक, आणि त्याचंच पोर्टल म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. याचा खरा जोर पहिल्या काही तासांत असतो. तक्रार आली की ज्या खात्यात पैसे गेले तिथे, आणि तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या खात्यात, तेवढी रक्कम होल्ड होते. साडेतीन महिन्यांनी तिथे काही उरलं असण्याची आशा कमी. तरीही नोंदवा, कारण त्याच खात्याविरुद्ध वेगवेगळ्या गावांतून पाच-पंचवीस तक्रारी जमल्या की मग कुणीतरी ती फाइल उघडतं. तुमची एकटीची ५,१०० रुपयांची तक्रार घेऊन पथक सिंधुदुर्गला जाणार नाही, हे आपण दोघंही जाणतो.

‘सिव्हिल मॅटर’ हे उत्तर मात्र समजून घ्या, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. करार मोडला म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच द्यायचा इरादा नव्हता, असं दिसावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. म्हणून ठाण्यात जाऊन ‘माल आला नाही’ एवढंच म्हणालात तर हवालदार तुम्हाला ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवणार. इरादा दाखवणाऱ्या यातल्या ज्या गोष्टी तुमच्या बाबतीत घडल्या असतील त्या लेखी अर्जात वर घ्या. दिलेला पत्ता खोटा निघाला. बागेचा म्हणून टाकलेला फोटो दुसऱ्याच्या साइटवरून उचललेला आहे. ट्रॅकिंग नंबर दिला तो चालत नाही, किंवा भलत्याच गावचा निघतो. पैसे पेजच्या नावाने न घेता तिऱ्हाइताच्या खात्यात घेतले. पैसे मागितल्यावर ब्लॉक केलं. आणि सगळ्यात वजनदार म्हणजे तुमच्यासारखे आणखी चौघं. पेजच्या जुन्या पोस्टवर ‘माझीपण ऑर्डर आली नाही’ अशी कमेंट करणाऱ्यांना निरोप पाठवा, कमेंट पुसल्या जायच्या आत. अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (पूर्वीचं ४२०) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड यांचा उल्लेख करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

आता एक गोष्ट, जी ऐकायला आवडत नाही. माल न देणारा प्रत्येक जण चोर नसतो. माझ्या टेबलावर येणाऱ्यांत तीन जाती दिसतात. एक अट्टल, ज्याच्याकडे कधी झाडच नव्हतं. दुसरा नुसता उशीर करणारा. आणि तिसरा, ज्याची संख्या लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त, तो म्हणजे गळ्यापर्यंत बुडालेला. त्याने फेब्रुवारीत ८५० रुपये डझनने तीनशे डझनांचं बुकिंग घेतलेलं असतं. मोहोर करपतो, फळगळ होते, एप्रिलमध्ये बागायतदारच हजारच्या खाली द्यायला तयार नसतो. मग हा बुकिंगच्या पैशांतून पहिले शंभर डझन तोटा सोसून पाठवतो, उरलेल्यांना ‘दोन दिवस थांबा’ सांगतो, आणि नवीन गिऱ्हाइकाच्या पैशांतून जुन्याची तोंडं बंद करतो.

डोंबिवलीची एक फराळवाली बाई अशीच होती. एकशेचाळीस घरांची ऑर्डर घेतली आणि वसुबारसेला चकली करणाऱ्या दोन्ही बायका काम सोडून गेल्या. तिच्याविरुद्ध अकरा जण आमच्याकडे आले. तिला बोलावलं तर ती वहीच घेऊन आली, कुणाचे किती, सगळं लिहिलेलं. दरमहा दोन हजारांच्या हप्त्यांनी तिने शिमग्यापर्यंत सगळ्यांचे पैसे फेडले. तिचं खातं पहिल्याच दिवशी १९३०वरून गोठवलं असतं तर कुणालाच काही मिळालं नसतं. म्हणून माझा नियम असा: जो फोन उचलतो, पत्ता खरा देतो आणि रक्कम कबूल करतो, त्याच्याकडून हप्त्यांच्या तारखा लेखी घ्या. जो नंबर बदलतो त्याच्यावर एक दिवसही घालवू नका. तुमचा माणूस, ताई, या नंबर बदलणाऱ्यांतलाच दिसतो.

ग्राहक आयोगाचं काय? कायदा तुमच्या बाजूने भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाला २० जुलै २०२० रोजी. त्याने केलेला सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या बाबतीत पुण्यात, विक्रेता देवगडला असो की दिल्लीला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज ऑनलाइनही भरता येतो, आधी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती पोर्टल आहे. पैसे, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च, सगळं मागता येतं. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चला.

पण आयोगाची नोटीस जायला पत्ता लागतो. इथे सगळं अडतं. ‘देवगड, सिंधुदुर्ग’ हा पत्ता नाही, तो तालुका झाला. विक्रेत्याचं कायदेशीर नाव माहीत नसेल तर निकाल तुमच्या बाजूने लागूनही वसूल कुणाकडून करणार? ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार ऑनलाइन धंदा करणाऱ्याने कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव ठळक दाखवायला हवं. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हेही त्याच नियमांत आहे. इन्स्टाग्रामच्या किती पेजवर तुम्ही हे पाहिलंय? मीही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं आणि मोठ्या कंपनीकडे पैसे अडकले असतील तर तिचा फार चांगला उपयोग होतो, कारण अशा बऱ्याच कंपन्या त्यांच्याशी थेट जोडलेल्या आहेत. बिनपत्त्याच्या पेजपुढे मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. तरी नोंद करा, फुकट आहे.

एक सावधगिरी. तुम्ही कुठेही जाहीर तक्रार लिहिलीत की ‘आम्ही रिफंड मिळवून देतो’ असे फोन येतील, कदाचित १९३०मधून बोलतोय असं सांगून. पैसे मिळवायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, स्क्रीन दाखवणारं ॲप तर मुळीच नाही. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. गेल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांचे आंब्याचे अडीच हजार सोडवताना अठ्ठेचाळीस हजार गेले.

आता पुढच्या वर्षीचं. आगाऊ पैसे देऊन घेणं आपल्याकडे काही इन्स्टाग्रामने आणलेलं नाही. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ या दोन शब्दांवर मराठी ग्रंथव्यवहार किती दशकं उभा आहे! मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांची मागणी आधी नोंदवून एकत्र खरेदी करत आली आहे. माणूस ठाऊक असला की ही पद्धत उत्तम चालते. मी स्वतः मात्र १९९६ साली तीन खंडांच्या एका संचासाठी मनीऑर्डरने साडेतीनशे रुपये पाठवले होते. पहिला खंड आला. दुसरा दोन वर्षांनी आला. पावतीवर तिसऱ्यापुढे ‘लवकरच’ असं छापलेलं आहे. पावती अजून माझ्या खणात आहे, प्रकाशक आता नाहीत.

तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत पैसे द्यायच्या आधी त्याला लिहून विचारा: माल कुठल्या तारखेपर्यंत येईल, आणि नाही आला तर पैसे किती दिवसांत परत? खरा बागायतदार इथे कुरकुरतो, ‘निसर्गाचं आहे हो, दहा दिवस इकडेतिकडे’. चालेल, मग शेवटची तारीख लिही म्हणावं. ठग कुरकुरत नाही. तो लगेच ‘१०० टक्के गॅरंटी’ लिहितो आणि खाली तीन आंब्यांची चित्रं टाकतो.

मग थोडं आंब्याचं बोला. फळ किती ग्रॅमचं, कच्चं देणार की अढीतलं, डझनाच्या बॉक्समध्ये की मोठ्या पेटीत, डागी निघालं तर काय. बागेतून व्हिडिओ कॉल करायला सांगा. ज्याची बाग आहे त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट तो तुम्हाला बोअरवेलपासून सगळं दाखवत बसतो आणि फोन ठेवायला आपल्यालाच लाज वाटते. फडतूस पेजवाला ‘नेटवर्क नाही’ म्हणतो.

कागदांना भुलू नका. सातबारा दाखवला म्हणून जमीन त्याची होत नाही, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत कुणाच्याही गटाचा निघतो. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं, प्रमाणपत्र स्वतःच्या सांगण्यावर फुकट मिळतं. गुमास्ताही कामाला माणसं थोडी असतील तर नुसती सूचना दिल्याची पोच असते. जीएसटी क्रमांक जरा वजनाचा. पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन, त्यामुळे सहावं अक्षर ‘पी’ असेल तर धंदा एका व्यक्तीचा, ‘सी’ असेल तर कंपनी. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की कायदेशीर नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, सगळं दिसतं. पण उलटा अर्थ काढू नका: स्वतःच्या बागेतले ताजे आंबे विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची गरजच नाही. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी, आणि त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असतात. त्याने फळ खरं की कर्नाटकाचं एवढं कळतं. वेळेवर येईल का, ते नाही.

पैसे देताना यूपीआयवर पिन टाकायच्या आधी बँकेतलं नाव दिसतं, तिथे दोन सेकंद थांबा. पेज एका नावाचं आणि खातं भलत्याचंच असेल तर ‘हे कोण?’ असं विचारायचं. ‘आमचे मॅनेजर’ हे उत्तर चालत नाही. जमेल तिथे क्रेडिट कार्ड वापरा, तो दोन टक्के जादा मागेल, द्या. तुमच्या व्यवहारात ३,६०० वाचायची आशा आहे ती त्यामुळेच. आणि सगळे पैसे आधी कधीच नाहीत. वीस-पंचवीस टक्के बुकिंगला, उरलेले कुरिअरची पावती किंवा एसटी पार्सलची बिल्टी आल्यावर, तीही त्यांच्या साइटवर तपासून. ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’ वगैरे दिसलं तर फोन उलटा ठेवून चहा टाका. अशा खोट्या घाईला केंद्राच्या २०२३च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला ऑनलाइन भुलवणाऱ्या क्लृप्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेलं आहे. दर भलताच कमी असेल तर काय होतं, ते २०१६मध्ये २५१ रुपयांच्या स्मार्टफोनच्या बुकिंगला पहिल्याच दिवशी साइट कोलमडेपर्यंत गर्दी करणाऱ्यांना विचारा.

एवढं सगळं करायचा कंटाळा असेल तर सोपा उपाय आहे. पणन मंडळ पुण्यात दरवर्षी उत्पादक ते ग्राहक आंबा महोत्सव भरवतं. तिथे जाऊन वास घेऊन पेटी आणा, आणि जो बागायतदार पटेल त्याचा नंबर पुढच्या वर्षासाठी घ्या.

शेवटी तुमच्या त्या पेजबद्दल. इन्स्टाग्रामवर युजरनेमवर टॅप केलं की ‘या खात्याबद्दल’ असं एक पान उघडतं. मी ते पाहिलं. खातं गेल्या वर्षी ऑगस्टमधलं आहे आणि नाव तीनदा बदललंय. सगळ्यात खालच्या दोन पोस्ट पुसायच्या राहिल्यात, त्यांत आकाशकंदील आहेत. म्हणजे सप्टेंबरात हेच पेज बहुधा फराळाचं होईल. त्याचा प्रोफाइलच्या लिंकसकट स्क्रीनशॉट मी तुम्हाला पाठवतोय, पोलिसांच्या अर्जाला तोच पहिला कागद म्हणून लावा. चार्जबॅकचा अर्ज उद्या गेला की तक्रार क्रमांक मला कळवा.